गाडी विकताना लायसन विचारायला काय जातं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. पाडव्याला बहिणीच्या पोराला बाईक घ्यायला शोरूमला गेलो होतो, पोरगं नुकतंच अठराचं झालेलं आणि गाडी १५० सीसीची. आधार कार्ड झालं, पॅन कार्ड झालं, लाईट बिल, फोटो, लोनसाठी चेक, सह्या तर इतक्या घेतल्या की पोरगं कंटाळलं, पण लायसन आहे का हे एकानंही विचारलं नाही. शेवटी मीच विषय काढला तर तिथला मुलगा हसून म्हणतो, "काका, लर्निंग आता घरी बसून मोबाईलवर निघतंय, काढा की निवांत." मग हार, पेढे, फोटो आणि किल्ली पोराच्या हातात! गाडी मीच चालवत आणली, पोरगं मागं बसलं, आणि त्या रागात दोन दिवस माझ्याशी बोललं नाही.

आता नियमाप्रमाणे शोरूमवाल्याचं चुकलं असं पण नाही. लायसन गाडी चालवायला लागतं, नावावर करायला नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा, आमच्या गल्लीत निम्म्या गाड्या आईच्या नाहीतर आजीच्या नावावर आहेत, त्यांनी काय लायसन काढायचं? पण मग विम्याचं बघा. पावतीत मालकाच्या १५ लाखाच्या अपघात विम्याचे पैसे लावलेले होते, आणि तो विमा मालकाकडे चालू लायसन असेल तरच मिळतो. म्हणजे लायसन विचारायचं नाही, पैसे मात्र घ्यायचे, आणि उद्या काही झालं तर कंपनी पहिलं लायसनच मागणार. हे सांगायला कुणाची जीभ का रेटत नाही?

दुसरं म्हणजे सोळा वर्षांच्या पोरांचं. आईबापांच्या संमतीने सोळाव्या वर्षी बिनगिअरचं लायसन मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आता ५० सीसीची पेट्रोल स्कूटर कुठल्या शोरूमला मिळते ते मला दाखवा! सगळ्या ११० नाहीतर १२५ च्या. कायद्यात लुना अजून चालूच आहे बहुतेक. मग दहावी-अकरावीची पोरं क्लासला जातात ती ११० वरच, तिघं तिघं, आणि बापाला वाटतं पोराकडे लायसन आहे ना, मग झालं. काहीजण बॅटरीची स्कूटर घेऊन देतात, २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ च्या आत पळणारी असेल तर तिला लायसन नाही, पासिंग नाही. ठीक आहे, पण ती २५ नेच पळते का हे बघायला कोण उभं आहे?

२०१९ पासून अल्पवयीन पोराच्या हातात गाडी सापडली तर बापाला नाहीतर मालकाला २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत जेल, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन नाही. एवढा कडक कायदा आहे, पण गाडी विकली जाते तिथं याची एक साधी पाटी पण मी बघितली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मालक कुणी का असेना, गाडी कोण चालवणार हे शोरूमला लिहून घ्या, त्याचं लायसन बघा, आणि नसेल तर किल्ली लायसनवाल्याच्या हातात द्या. परिवहन खात्याने एक परिपत्रक काढलं तर एवढं होण्यासारखं आहे.

आमच्या पोराचं लर्निंग आलंय. लर्निंगवर मागं शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही हे त्याच्या मित्रांना माहीतच नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी एल लावून मागं मी बसतो. ३० दिवस झाले की आठ काढायला आरटीओला जाणार आहोत, तोवर किल्ली माझ्या कपाटात आहे.

आपला,
एक जुना वाचक, कराड