फी भरून झालीय, आप्पा

ती. आप्पा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आप्पांनी "बरं, बरं" म्हणत फोन आईकडे दिला असता आणि आई रडली असती. म्हणून लिहितेय.

मी मास्टर्सला प्रवेश घेतलाय. पहिला हप्ता भरूनही झालाय, फ्लॅटसाठी ठेवलेल्यातून. आप्पांच्या गुडघ्याच्या एफडीला हात लावलेला नाही. पावती तांदळाच्या डब्यामागेच आहे, बघून घ्या. लिफ्टचं घर दोन वर्षं पुढे गेलं, इतकंच. आत्ताची खोली तळमजल्यावर आहे, आईला जिना चढावा लागणार नाही.

नोकरी सोडत नाहीये. नाशिकच्या वेळेसारखं होणार नाही. विद्यापीठ अमेरिकेतलं, इलिनॉयचं, पण शिकायचं इथेच पुण्यात बसून, ऑनलाइन. तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणजे आप्पा मोटार चालू करून येतात, त्या वेळेला मी लॅपटॉप उघडणार.

विषय मनुष्यबळ विकास. मोठ्या माणसांना कामाचं शिकवायचं कसं, ते. आप्पा म्हणतील, हे काय शिकायचं असतं? ठिबकवाले साहेब आले होते, आठवतं? ओटा भरून माणसं बसली, माना डोलावल्या, शेवभाजी चापली, आणि पुढच्या वर्षी निम्म्यांच्या वावरात पुन्हा पाटपाणीच. कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ साली हेच चार पायऱ्यांत मांडलं: शिकवलेलं आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, त्यातून हाती काही आलं का. आमच्या कारखान्यात गाडी पहिल्याच पायरीवर अडते. ट्रेनिंग संपलं की फॉर्मवर 'उत्तम' लिहून घ्यायचं. आठ वर्षं मी ते फॉर्म गोळा करतेय. आणि हे अमेरिकेचंच खूळ नाही हं. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोला पारीक आणि राव या आपल्याच दोन प्राध्यापकांनी मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभाग आखून दिला होता.

केळीचा घड कापायला मला तुम्हीच शिकवलंत, आप्पा. कोयता माझ्या हातात, तुमचा हात माझ्या मनगटावर. चीक फ्रॉकवर सांडला, तो डाग गेलाच नाही. आई, तू रागावली नाहीस, फक्त तो फ्रॉक वावरात घालायला वेगळा ठेवलास.

आता ऐका. रात्रीच्या लाईटला आप्पांनी एकट्याने मोटरीवर जायचं नाही, सालदाराला उठवायचं. बूट घालूनच. साखरेची गोळी जेवणाआधीची म्हणजे आधीच. "एकच केळं खाल्लं" हे मी ऐकणार नाही, साली मोजायला आईला सांगून ठेवलंय. आई, कानबाईच्या सणाला मी येतेय; रोटाचे गहू मी आल्याशिवाय काढू नकोस, तुझी कंबर मला माहीत आहे.

दादाला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका, मीच सांगते.

तुमची
पिंकी