बुधवारी आठ वाजता

अमीनसाहेब,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही गेलात मंगळवारी, २० फेब्रुवारी २०२४ ला. पण आमच्या घरी कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बायकोनं फोनवरची बातमी वाचून दाखवली आणि म्हणाली, "अहो, आज वार बघितलात का?" आमच्या वयाच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. बुधवार म्हणजे रात्रीचे आठ, आणि आठ म्हणजे रेडिओवर 'गीतमाला' सादर करणारे अमीन सायानी, तुम्ही.

तुम्ही मला ओळखत नाही. कुलाब्याला रीगलच्या आसपास तुमचं ऑफिस आहे हे ठाऊक होतं. दोन-तीनदा त्या बाजूनं गेलोही, पण आत शिरायचा धीर झाला नाही. तुम्हीच मुलाखतींत सांगितलेला किस्सा डोक्यात बसलेला. वेळ न घेता आलेल्या एका उंच पोराला तुम्ही भेटला नाहीत, आणि तो पुढे अमिताभ बच्चन निघाला. तिथे लालबागच्या कंडक्टरला कोण विचारतो! (२००० साली तेच गृहस्थ टीव्हीवर प्रश्न विचारायला बसले आणि सगळी चाळ नऊ वाजता चिडीचूप झाली, तेव्हा मला आधी तुमची आठवण झाली होती. हसू नका.)

तुम्हाला आठवड्याला पासष्ट हजार पत्रं यायची म्हणतात. त्यात माझं एकही नव्हतं. हे पहिलंच. माझ्या बापाचं मात्र एक होतं, म्हणून सुरुवात तिथून करतो.

बाबा देवगडहून आलेले, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. लग्नाआधी तीस जणांच्या गाळ्यात राहायचे. पाळीनं झोपायचं, पाळीनं उठायचं, जेवायला खानावळ. १९५२ साली केसकर मंत्र्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी बंद झाली (मंत्री आपलेच मराठी, काय बोलणार), आणि ३ डिसेंबरच्या बुधवारी रेडिओ सिलोनवर तुम्ही 'बिनाका गीतमाला' घेऊन आलात. मुंबईत बोलायचं, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून आवाज परत लालबागच्या इराण्याच्या हॉटेलात. आजच्या पोरांना हे सांगितलं तर थाप वाटते.

आज सगळ्यांना गीतमाला म्हटलं की पायदान (क्रमवारीची पायरी) आणि सरताज (मानाचं) गीत आठवतं. ते नंतरचं. सुरुवातीला तो खेळ होता. सात गाणी वाजायची आणि लोकप्रियतेचा क्रम लावून श्रोत्यांनी पत्रानं कळवायचा. बक्षीस शंभर रुपये. गाळ्यातल्या तीस जणांनी एकच पोस्टकार्ड टाकायचं ठरवलं. हिशेब आधीच झाला होता: माणशी तीन रुपये पाच आणे, उरलेले दहा आणे देवाला. लिहिता येणारा गडी एकच. बाबांनी क्रम सांगितला, त्यानं लिहिला. निकाल लागला तेव्हा पाच गाणी बरोबर, तिसरं आणि चौथं उलटसुलट. बाबा शेवटपर्यंत सांगत राहिले की मी बरोबरच सांगितलं होतं, लिहिणाऱ्यानं घोळ घातला. तो गडी सांगत राहिला की ह्यानंच तसं सांगितलं. दोघांची दोस्ती टिकली, पण तिसऱ्या-चौथ्या गाण्याचा विषय निघाला की आजही त्या गाळ्यातल्या एखाद्याच्या नातवाला हा तंटा ठाऊक असेल.

पुढे बाबांचं लग्न झालं, दहा बाय बाराची खोली मिळाली आणि मर्फीचा रेडिओ आला. मी जन्मलो १९५८ साली. म्हणजे मला कळायला लागलं तेव्हा तुम्ही घरातलेच होतात. आम्हा पोरांना बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणाऱ्या प्लास्टिकच्या प्राण्यांत जास्त रस. माझ्याकडे दोन जिराफ होते आणि हत्ती कधीच निघाला नाही.

आईचं वेगळं. बुधवारी आठ वाजता ती चुलीपाशी असायची, आमच्याकडे पाठ, हातावर भाकरी. शॉर्टवेव्हची खरखर, मधेच आवाज खोल जायचा, वर यायचा. ती मान वळवायची नाही. फक्त तुम्ही "बहनो और भाइयो" म्हणालात की तिचे हात क्षणभर थांबायचे. एकदा म्हणाली, "हो बरो माणूस. आधी बायलांका हाक मारता." बाकी सगळे पुढारी, सगळ्या सभा, सगळे लाउडस्पीकर 'भाइयो और बहनो'. घरात तर क्रमच ठरलेला: आधी बाबा, मग आम्ही तीन भाऊ, उरलंसुरलं आईचं. मुंबईसारख्या शहरात तिला पहिल्यांदा हाक मारली ती तुम्ही.

आणि तुमचं बोलणं तिला कळायचं. हिंदी तिला येत नव्हतीच. शाळेतल्या हिंदीच्या मास्तरांचं मला कळायचं नाही, पण तुमचं आईला कळायचं. याचं कारण मला फार उशिरा समजलं. तुमच्या मातोश्री कुलसुम सायानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवायच्या. नुकतीच अक्षरओळख झालेल्यांसाठी, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, १९४० ते १९६०. तुम्ही लहानपणापासून त्या कामात हातभार लावायचात. म्हणजे चाळिशीतली बाई बोट टेकवत अक्षर लावते तेव्हा तिला कुठला शब्द अडतो, हे तुम्ही घरात बघितलेलं. माझी आई अडतिसाव्या वर्षी रात्रीच्या वर्गाला गेली आणि सही करायला शिकली. हे वाचलं त्या दिवशी मला तुमचा आणि तिचा काहीतरी संबंध असल्यासारखं वाटलं. नसेलही. पण वाटलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाकीचं लिहीत नाही. अडीच लाख कामगारांच्या घरी जे झालं तेच आमच्याकडे. मी तेव्हा एसटीत कंडक्टर होतो, दोन वर्षांची नोकरी, त्या पगारावर सहा माणसं. दिवाळीच्या आधी रेडिओ विकला. त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी आठ वाजता आम्ही सगळे काहीतरी काम काढून बसलो होतो. आणि भिंतीतून तुमचा आवाज आला. शेजारच्या काकींनी त्यांचा रेडिओ फळीवर, सामाईक झरोक्याच्या अगदी तोंडाशी आणून ठेवला होता. आवाज मोठा. त्यांच्या घरीही संपच होता. त्या काही बोलल्या नाहीत, आई काही बोलली नाही. पुढे कितीतरी बुधवार तसेच. आई मात्र सोमवारी केलेल्या घावनांतले चार त्यांच्याकडे द्यायला लागली. तेवढीच काय ती बोलाचाली.

आता माझं, ज्यासाठी हे पत्र.

कंडक्टरचा पुढे मी वाहतूक नियंत्रक झालो आणि मुंबई सेंट्रलच्या बसस्थानकावर माइक हातात आला. मराठीत काही अडचण नाही. पण परराज्यातल्या गाड्यांसाठी हिंदीतही पुकारावं लागायचं. माझी हिंदी म्हणजे मालवणीला 'है' लावलेली. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "इंदोर की गाडी पाच नंबर पे लगेला है, बैठके घ्यो." फलाटावर हशा. एका प्रवाशानं पुढचे पंधरा मिनिटं माझी नक्कल करून बायकोला हसवलं, मला काचेतून दिसत होतं. त्यानंतर हिंदी घोषणेची वेळ आली की मी चहाला जायचो आणि जोडीदाराला बसवायचो.

मग कुठंतरी वाचलं, की आकाशवाणीत हिंदीसाठी तुमची आवाजाची परीक्षा झाली तेव्हा तुम्हाला नापास केलं होतं. उच्चारात गुजरातीची आणि इंग्रजीची छटा आहे म्हणून! अमीन सायानी हिंदीत नापास! मी तो कागद दोनदा वाचला. जोडीदाराला म्हटलं, आज चहाला तू जा.

तुमच्या जुन्या कॅसेट मिळवल्या आणि ऐकल्या, गाणी सोडून. गाण्याच्या आधीचं आणि नंतरचं तेवढं. तुम्ही घाई करत नाही. नाव सांगायच्या आधी एक श्वास थांबता. आकडा दोनदा सांगता. मी तेच करायला लागलो. गावाचं नाव, श्वास, फलाट, परत फलाट. सहकाऱ्यांनी नाव पाडलं 'लालबागचा अमीन'. कुचेष्टेनं पाडलं होतं, मला ते पदक वाटलं.

पण खरी परीक्षा झाली २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे आमच्या फलाटावर उभ्या माणसाला समजेचना, एवढ्याशा पावसात गाड्या का सोडत नाहीत. इकडे सायन-कुर्ल्याकडे रस्त्यावर पाणी, आणि कोकणात जायचं तर त्याच बाजूनं. मोबाइल लागत नव्हते. मी पहिले दोन तास ठरलेलं बोललो: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, अपरिहार्य कारणामुळे..." अपरिहार्य कारण ऐकलं की माणूस जास्त खवळतो. काचेवर हात आपटायला सुरुवात झाली. एकानं चप्पल काढली.

मी माइक बंद केला. डोळ्यांसमोर आई आणली, पाठमोरी, हातावर भाकरी. हिला कसं सांगू? मग माइक चालू केला.

"आयाबायांनो आणि भावांनो. सायनच्या पुढे रस्त्यावर पाणी आहे. सावंतवाडीची गाडी उभी आहे, ड्रायव्हर हजर आहे, रस्ता नाही. म्हणून सुटत नाही. मी अर्ध्या तासानं परत बोलेन. काही कळलं तरी बोलेन, नाही कळलं तरी बोलेन."

आणि बरोबर अर्ध्या तासानं बोललो. कळलेलं काहीच नव्हतं, तेच सांगितलं. पुढच्या अर्ध्या तासानं परत. तुम्ही पुढच्या बुधवारी येतो म्हणायचात आणि यायचात, एवढंच तर होतं; पण त्या रात्री मला कळलं की माणसं त्याच्या जिवावर किती वेळ शांत बसू शकतात. रात्री अकराच्या पुढे काचेवर कोणी हात आपटला नाही. अर्धा तास होत आला की लोक नुसते भोंग्याकडे बघायचे. मधे मधे हिंदीतही बोललो. कोणी हसलं नाही.

पहाटे साडेचारच्या सुमाराला एक म्हातारी खिडकीशी आली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. मला वाटलं गाडी विचारणार. तिनं पिशवीतून कागदाची पुडी काढून आत सरकवली. "घसो बसलो मरे तुझो. हो आलेपाक खा नि मगे बोल."

तो आलेपाक तुमचा होता, अमीनसाहेब. मी खाल्ला. आज सांगून टाकतो.

२०१६ ला निवृत्त झालो. आता सोसायटीच्या गणपतीत हाउजीचे आकडे पुकारतो, तेवढाच माइक उरला आहे. सुरुवात 'भगिनींनो आणि बंधूंनो' अशी करतो. गेल्या वर्षी नातीनं मधेच टोकलं, "आजोबा, उलटं बोललात." म्हटलं, सुलटंच आहे, तू आकडे काप.

तुमचे आभार मानायचे राहिले होते ते मानतो. माझे, आईचे, आणि त्या काकींचेही, कारण त्यांचे आम्ही तेव्हा मानले नाहीत आणि आता त्याही नाहीत.

एक शेवटचं. बाबा तिकडेच आहेत, बरीच वर्षं झाली. तुम्ही आलात हे कळल्याबरोबर ते पोस्टकार्डाचं गाऱ्हाणं घेऊन येतील. तिसरं आणि चौथं. लिहिणारा गडीही सोबत असेल, तो त्याची बाजू मांडेल. दोघांचं ऐकून घ्या, पण निकाल देऊ नका. आणि शंभर रुपये दिलेतच, तर दहा आणे देवाचे आहेत.

आपला,
लालबागचा एक श्रोता