हिरवा दिवा म्हणजे ऑक्सिजन नव्हे, साहेब

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात आपण ऑक्सिजन प्लांटचं बटण दाबलंत. हिरवा दिवा लागला, फोटो निघाले आणि ‘कोविडची पुढची लाट आली तरी मराठवाडा सज्ज’ असं सांगून आपण निघालात. शेडला वळसा घातला असता तर सायलेन्सरखाली रांगोळीसारखी बारीक पांढरी पूड दिसली असती. ते झिओलाइट, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्लांटमधले दाणे. ते बाहेर पडू लागलं की प्लांट आतून संपत आला समजा.

झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरतं आणि ऑक्सिजन पुढे सोडतं. पण नायट्रोजनपेक्षा त्याला पाण्याची ओढ जास्त. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरखालचा, पाणी बाहेर सोडणारा मुठीत मावेल एवढा ऑटो ड्रेन गंजानं चोंदला की पाणी सरळ झिओलाइटच्या टॉवरमध्ये. एकदा भिजलेलं झिओलाइट उन्हात वाळवून परत भरता येत नाही, ती काही ज्वारी नव्हे. ऑक्सिजनची शुद्धता 90 ते 96 टक्के हवी. ती घसरली तरी कॉम्प्रेसर तसाच घुमत राहतो. सेन्सर वेळेवर कॅलिब्रेट केला नसेल तर पॅनलवरचा आकडाही खोटा.

म्हणजे प्लांट चालवून जितका बिघडत नाही, तितका कुलूप लावून बिघडतो. आठवड्यातून दोनदा दोन-तीन तास चालवा, ड्रेन रोज हातानं उघडून बघा, फिल्टर वेळेवर बदला. एवढ्यासाठी एक कायमचा ऑपरेटर लागतो. तोच नाही! कंत्राट संपलं, माणूस घरी, किल्ली स्टोअरमध्ये.

कागदावर 1000 एलपीएमचा, म्हणजे मिनिटाला हजार लिटरचा प्लांट दिवसाला सात घनमीटरचे दोनशेवर जम्बो सिलिंडर देतो. छान. पण तो दाब देतो चार-पाच बारचा, जम्बोला लागतो 150. दाब वाढवणारा बूस्टर नसेल तर एकही सिलिंडर भरत नाही. आणि नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लो यंत्रावर मिनिटाला 60 लिटर ओढणारे 16 रुग्ण आले की सतराव्याला काय द्यायचं, तेवढं सांगा.

दुसरी लाट महाराष्ट्रात एप्रिल 2021 मध्ये शिखरावर गेली, पारा चाळिशीपार असताना. पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसरची गरम हवा बाहेर काढणारा डक्ट नसेल तर तीच हवा तो पुन्हा ओढतो, तेल तापतं आणि मशीन ट्रिप. 27 डिसेंबर 2022 ला देशभर कोविड सज्जतेची मॉक ड्रिल झाली. डिसेंबरच्या थंडीत काय, काहीही चालतं.

खरेदीला नारळ फुटतो, देखभालीला कुणी नारळ फोडत नाही. बाकी सगळं त्यातून येतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं, पाच वर्षांनी मराठवाडा चाकणच्या ऑक्सिजन टँकरकडे डोळे लावून बसला. पाणी रेल्वेनं, श्वास टँकरनं. आणि याला आपण म्हणता सज्जता. वर जनरेटरचं डिझेल खर्चाच्या कुठल्या हेडमधून टाकायचं, यावर फाइल फिरतेच आहे.

मे महिन्यात दुपारी दोनला या. महावितरणची लाइन पाडा, जनरेटरवर प्लांट सलग 24 तास चालवा आणि शुद्धता पॅनलवर नव्हे, वॉर्डातल्या शेवटच्या खाटेच्या आउटलेटला मोजा. मीटर आम्ही आणतो. डिझेल तेवढं आपण आणा.

आपले,
मराठवाड्यातले काही प्लांट ऑपरेटर व बायोमेडिकल तंत्रज्ञ