प्रौढ वयातील ऑटिझम : अहवाल वेगळा, प्रमाणपत्र वेगळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑटिझमविषयी (स्वमग्नतेविषयी) वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुतेक तीन-चार वर्षांच्या मुलांबद्दल असते, आणि तेही २ एप्रिलच्या, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाच्या आसपास. ही मुले मोठी होतात, आणि त्यांतली कित्येक कुणाच्याही लक्षात न येता मोठी होतात. आज चाळिशीत असलेल्या, नीट बोलणाऱ्या पदवीधराला शाळेत असताना हे निदान मिळण्याची शक्यता जवळपास नव्हतीच. अनेकांना सुगावा लागतो तो स्वतःच्या मुलाच्या तपासणीत : डॉक्टर मुलाबद्दल विचारत जातात आणि वडिलांना वाटते, हे तर माझेच वर्णन चालले आहे. मग प्रश्न पडतो, या वयात निदान करून घ्यावे का?

इथे दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. मानसोपचारतज्ज्ञाने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने दिलेला निदानाचा अहवाल ही एक गोष्ट, आणि सरकारी दिव्यांगत्व प्रमाणपत्र ही दुसरी. अहवाल घेतला म्हणून प्रमाणपत्र घ्यावेच लागते असे नाही. खासगीरीत्या घेतलेला अहवाल आपोआप कुठल्या सरकारी यादीत जात नाही, ऑफिसला कळवण्याचीही सक्ती नाही. ‘एकदा शिक्का बसला की संपले’ ही धास्ती बरीचशी या गल्लतीतून येते.

ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. तरीही निदानाने उपचारांची दिशा बदलू शकते. वर्षानुवर्षे ‘सोशल अँग्झायटी’ समजून ‘चार लोकांत मिसळा, भीती जाईल’ असा सल्ला मिळालेला माणूस मुळात आवाजाने आणि गर्दीने थकत असेल, तर तो मिसळून मिसळून आणखी गळून जातो. अशांनी निदानाचा विचार जरूर करावा. याउलट, ऑफिसात सूचना लेखी मिळाव्यात, बसायला कोपऱ्यातली जागा मिळावी, हेडफोन चालावा, एवढेच हवे असेल तर ते आधी नुसते मागून पाहावे. त्यासाठी हजारो रुपये मोजायची गरज नसते. आणि सध्या नैराश्य तीव्र असेल तर आधी त्यावर उपचार. नैराश्यातला माणूसही बोलणे टाकतो, डोळ्यांत बघत नाही. त्या अवस्थेत केलेले मूल्यांकन फसते. जीव नकोसा वाटत असेल तर कशाचीच वाट न पाहता १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर फोन करावा.

इंटरनेटवरच्या चाचण्या निदान करत नाहीत. ‘एक्यू’ या प्रश्नावलीत ५० प्रश्न असतात आणि ३२ गुण ही ऑटिझमच्या शक्यतेची रेषा मानली जाते, ‘राड्स-आर’मध्ये ८० प्रश्न आणि रेषा ६५ ची. चिंता किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि चंचलता) असलेली माणसेही ही रेषा सहज ओलांडतात. उलट, आयुष्यभर दुसऱ्यांची नक्कल करून वावरलेल्या माणसाचे, विशेषतः बाईचे, गुण कमी भरू शकतात.

अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवरच विचारावे : प्रौढांचे मूल्यांकन करता का, आजवर साधारण किती केलीत, लेखी अहवाल मिळेल का, एकूण फी किती? सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का, तेही पाहावे. मूल्यांकन एका बैठकीत क्वचितच उरकते. वीस मिनिटांत ‘तुमचे लग्न झाले आहे, माझ्या नजरेला नजर देता, म्हणजे ऑटिझम नाही’ असे ऐकू आले तर दुसरे मत घ्यावे. नजर देणे शिकता येते.

सगळ्यांत जास्त अडते ते बालपणाच्या पुराव्यापाशी. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या ग्रंथानुसार लक्षणांची सुरुवात लहानपणी झालेली असावी लागते. मात्र ती पुढे झाकली गेलेली असू शकतात, हेही तिथेच मान्य केले आहे. म्हणून जुनी प्रगतिपुस्तके शोधावीत. गुणांपेक्षा शेऱ्यांकडे बघावे : ‘हुशार, पण वर्गात मिसळत नाही’. आईला ‘मी वेगळा होतो का?’ असे विचारून उपयोग नाही, उत्तर ‘सगळी मुले तशीच असतात’ असेच येते. (ऑटिझम घराण्यात चालत येतो, त्यामुळे आईला किंवा आजोबांना ते खरोखरच नेहमीचे वाटलेले असते.) नेमके विचारावे : चार-पाच वर्षांचा असताना मी बोट दाखवून वस्तू दाखवायचो का? मिक्सर लावला की कान झाकायचो का? शाळेचा रस्ता बदलला तर काय व्हायचे? आईवडील नसतील किंवा त्यांना सांगायचे नसेल तर मावशी, मोठी बहीण चालते. स्वतःबद्दलही तसेच लिहून न्यावे. ‘लोकांत जमत नाही’ यातून काहीच कळत नाही. ‘चहाच्या वेळी एकाशी बोलणे जमते, चौघे असले की आपण कधी तोंड उघडायचे ते कळत नाही’ यातून कळते.

आता प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे, आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते : सरकारी नोकरीतील आरक्षण, आयकराच्या जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. त्यासाठी ‘आयसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात : ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली गेली तर ऑटिझम नाही असे धरतात. या मुद्द्यांत ऐकलेलेच पुन्हा बोलणे, ‘मी’ आणि ‘तू’ची उलटापालट, बाळासारखे चीत्कार असे बरेच काही आहे. अस्खलित बोलणारा प्रौढ तिथे १ वर १ मिळवत जातो. म्हणजे पक्के निदान असूनही हातात प्रमाणपत्र नाही, असे होऊ शकते. ते निदान खोटे ठरत नाही, पण आरक्षणाच्या भरवशावर कुणी या वाटेला लागू नये. निर्णय मान्य नसेल तर कायद्याने अपील करता येते.

निदानाची किंमतही मोजावी लागते. विम्याच्या प्रस्तावात विचारले तर ते लपवता येत नाही. लपवले तर दावा अडकतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशात कायम स्थायिक व्हायचे असेल तर आरोग्य तपासणीत अशा निदानाचा खर्चाच्या अंगाने विचार होतो. तसा बेत असेल तर त्या देशाचे नियम आधी वाचावेत आणि मगच निदानासाठीची तारीख घ्यावी.

आपली,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुणे