लीड्सच्या धान्यबाजारातून

लीड्स,
२१ ऑक्टोबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र तीन आठवड्यांपूर्वी मिळाले. नगरपालिकेच्या सभागृहाच्या तुझ्या आराखड्यातला मनोरा अनावश्यक खर्च म्हणून वगळला गेला, आणि जिल्ह्याच्या गावात राहून आता कोणते मोठे काम हातून होणार या विचाराने तू कचेरी मुंबईला हलवण्याच्या बेतात आहेस, हे वाचून फार वाईट वाटले. निर्णय तुझा आहे. पण इंग्लंडातल्या ज्या शहरात मी अकरा वर्षे राहतो आहे, त्याची ओळखच ज्याच्या इमारतींनी घडवली त्या वास्तुविशारद कथबर्ट ब्रॉड्रिकची हकीकत तुला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

ब्रॉड्रिकचा जन्म १८२१ सालचा, हल या बंदराच्या गावातला. तिथल्याच लॉकवुड नावाच्या वास्तुविशारदाकडे त्याने उमेदवारी केली, १८४४ मध्ये युरोपात हिंडून जुन्या-नव्या इमारती पाहिल्या आणि परत येऊन हलमध्येच स्वतःची कचेरी थाटली. लंडनला त्याचे नाव कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे लीड्सच्या नगरपालिकेने टाउन हॉलसाठी स्पर्धा जाहीर केली. कापडाच्या धंद्यात लीड्सशी चुरस करणाऱ्या शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये तेव्हा मोठे सभागृह उभे राहत होते, त्यामुळे लीड्सच्या पुढाऱ्यांना स्वस्थ बसवत नव्हते. १८५३ च्या आरंभी निकाल लागला तेव्हा पहिले बक्षीस ब्रॉड्रिकला मिळाले आणि दुसरे त्याच्याच गुरूच्या, म्हणजे लॉकवुड आणि मॉसन यांच्या कचेरीला. एवढे मोठे काम तिशीतल्या, बाहेरगावच्या माणसाच्या हाती द्यावे की नाही, अशी शंका समितीला आली. पण ब्रिटिश संसदेच्या इमारतीचे वास्तुविशारद सर चार्ल्स बॅरी या स्पर्धेत सल्लागार होते, आणि या तरुणावर निर्धास्त विश्वास टाकावा असे त्यांनी सांगितले. मोठ्या माणसाने योग्य वेळी टाकलेला असा शब्द किती मोलाचा असतो, हे तुला आणि मला वेगळे सांगायला नको.

आता मनोऱ्याविषयी. त्यावर इथे अनेक वर्षे वाद चालला. मनोरा कशाला हवा, त्यात कोणी बसणार नाही, कारभार चालणार नाही, करदात्यांचा पैसा हवेत कशाला उभारायचा, हे तुला ऐकावे लागलेले सगळे मुद्दे तेव्हाही मांडले गेले. मनोऱ्याच्या बाजूने हिरिरीने बोलणाऱ्यांत डॉ. जॉन डीकिन हीटन नावाचे इथले एक वैद्य होते. धुराने आणि घाणीने कळाहीन झालेल्या या शहराच्या मध्यभागी एक देखणी, भव्य इमारत उभी राहिली, तर तिच्याकडे पाहून बाकीचे शहरही सुधारेल, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी मनोरा मंजूर झाला आणि २२५ फूट उंच चढला. एकूण खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीहून अधिक, सुमारे १,२२,००० पौंड झाला, आणि काम पुरे होण्याआधीच सॅम्युएल अ‍ॅटॅक हा कंत्राटदार दिवाळखोरीत गेला. ७ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीने उद्घाटन केले. हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून आपल्याकडे घेतल्याचा तिचा जाहीरनामा त्यानंतर दोन महिन्यांच्या आत निघाला, हे मला इथे आल्यावर लक्षात आले, आणि तेव्हापासून त्या पायऱ्यांवरून जाताना दर वेळी ते आठवते. त्याच पायऱ्यांखाली पूर्वी कैद्यांच्या कोठड्या होत्या आणि वर न्यायालये व संगीताचे सभागृह. हे सगळे एकाच छपराखाली बसवून बाहेरून कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या स्तंभांची एक सलग, गंभीर रांग दिसावी, ही किमया मला अजून पुरती उलगडलेली नाही.

तरीही त्याचे मला सर्वांत प्रिय असलेले काम म्हणजे १८६३ मध्ये पुरा झालेला कॉर्न एक्सचेंज, म्हणजे धान्यबाजार. गेल्या शनिवारी मी दोन तास तिथे बसून आलो. इमारत लंबवर्तुळाकार आहे. बाहेरच्या भिंतीचा प्रत्येक दगड हिऱ्याच्या पैलूसारखा टोकदार घडवलेला असल्याने कलत्या उन्हात भिंतीवर सावल्यांची जाळी पडते. आत मात्र मधे एकही खांब नाही. कडेने दोन मजल्यांवर दलालांच्या खोल्या, आणि मधल्या मोकळ्या अंगणावर लोखंडी कमानींनी पेललेला मोठा घुमट. या घुमटाच्या उत्तरेच्या अंगाला काचेचा प्रशस्त पट्टा बसवला आहे. धान्य पारखायला उजेड हवा, पण ऊन नको. ऊन पडले की हलका दाणाही झळाळतो आणि भरलेल्या दाण्याचा रंग फसवतो. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो.

तिथे बसल्यावर मला आमच्या वडिलांचे अडत दुकान आठवले. पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढला की ते मूठभर गहू घेऊन दारापर्यंत येत, तळहात पसरून हलकी फुंकर मारीत, अंगठ्याने दाणे फिरवीत, आणि ऊन दारात आले असेल तर शेतकऱ्याला म्हणत, “थोडं थांबा, सावली येऊ द्या, नाहीतर तुमच्यावर किंवा माझ्यावर अन्याय होईल.” ब्रॉड्रिकने तीच गरज ओळखून सगळ्या बाजारावर ती सावली धरली. पॅरिसच्या धान्यबाजाराचा घुमट त्याच्या डोळ्यांसमोर होता असे अभ्यासक सांगतात, आणि ते खरेच आहे. पण घुमट पाहून आलेले पुष्कळ असतील, अडत्याच्या तळहातावर कोणता उजेड पडायला हवा याचा विचार करणारे थोडे. आज तिथे धान्य विकले जात नाही, लहान-लहान दुकाने आहेत, तरी तो उजेड तसाच आहे.

त्यानंतर त्याने लीड्सची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, म्हणजे कामकरी लोकांच्या शिक्षणाची संस्था, बांधली, स्कारबरोच्या समुद्रकाठी प्रचंड ग्रँड हॉटेल उभारले आणि हलला टाउन हॉल दिला. हलची ती इमारत पुढे पाडली गेली. तिच्या माथ्यावरचा छोटा घुमट तिथल्या पीअर्सन पार्कमध्ये नेऊन ठेवला आहे. जमिनीवर उभा असलेला तो घुमट पाहताना मला भरून आले होते. लंडनच्या मोठ्या कामांच्या स्पर्धांतही त्याने आराखडे पाठवले, पण तिथले काम त्याला मिळाले नाही. १८७० च्या सुमारास, पन्नाशीही गाठली नसताना, तो लीड्स सोडून फ्रान्सला गेला, चित्रे काढू लागला, बागेत रमला, आणि १९०५ मध्ये जर्सी बेटावर वारला. का थांबला? स्पर्धांतल्या अपयशाने तो खचला असावा, असे मला वाटते, आणि एवढा समर्थ हात त्यानंतर पस्तीस वर्षे स्वस्थ बसला याची मला मनापासून हळहळ वाटते.

विनायक, त्याची नावाजलेली सगळी कामे एका यॉर्कशायर परगण्यात आहेत. तरी बोल्टन आणि पोर्ट्समथ इथल्या नगरपालिकांनी पुढे टाउन हॉल बांधले, तेव्हा त्यांचा वास्तुविशारद विल्यम हिल हा लीड्सचाच होता, आणि त्या दोन्ही इमारतींवर ब्रॉड्रिकच्या स्तंभांची व मनोऱ्याची छाप स्पष्ट दिसते.

सोबत धान्यबाजाराच्या छपराच्या उभ्या छेदाचा नकाशा मी हाताने काढून पाठवतो आहे. मापे डोळ्यांनी घेतली आहेत, तेव्हा तू ती सुधारून घे. आणि तुझ्या सभागृहाचा मनोऱ्यासकटचा मूळ नकाशा मला पाठव. कचेरी हलवताना तो फेकून देऊ नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदानंद