लंडनहून आई-बाबांना: दाराबाहेरची किल्ली आणि कौन्सिलला विचारले जाणारे प्रश्न

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, आणि थंडीचा कोट बाबा म्हणाले तसा जाडच घेतलाय. हवापाणी, स्वयंपाक, घरमालकीण हे सगळं रविवारी फोनवर आपण बोलतोच, ते परत लिहीत नाही. पण काही गोष्टी फोनवर अर्धवट राहतात, कारण आई मध्येच रडते आणि बाबा फोन ठेवतात. त्या इथे नीट लिहिते.

मावशीने ग्रुपवर टाकलेला चाकूहल्ल्याचा व्हिडिओ मीही पाहिला. आई, तो भाग माझ्या घरापासून आणि कामापासून लांब आहे. शिवाय कामासाठी कुणाच्या घरी भेटीला जाताना पत्ता आणि परतायची वेळ आधी ऑफिसात नोंदवावी लागते. ठरल्या वेळी माझा फोन आला नाही तर मॅनेजर फोन करते, मी उचलला नाही तर पोलिसांना कळवतात. ज्या घराच्या जुन्या नोंदीत धोक्याची खूण आहे तिथे दोघींनी जायचं, असा नियम आहे आणि तो पाळला जातो. तेव्हा रात्री जागू नकोस.

बाबा, तुम्ही म्हणालात, "एमएसडब्ल्यू केलंस ते परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला?" आंघोळ घालणं, भरवणं, औषध देणं हे केअररचं काम. ते कष्टाचं आहे आणि त्याला मी कधी कमी लेखणार नाही. मी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, सोशल वर्कर. माझं काम त्याच्या आधीचं, म्हणजे माणसाला कशाची गरज आहे ते ठरवायचं. इथे २०१४ चा केअर अॅक्ट आहे. त्यात रोजच्या जगण्यातल्या दहा गोष्टी दिल्यात: खाणंपिणं, स्वच्छता, शौचाला जाणं, कपडे घालणं, घरात सुरक्षित वावरणं, घर राहण्याजोगं ठेवणं, नात्यातली माणसं जपणं वगैरे. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे यातल्या दोन किंवा जास्त गोष्टी जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर मदत मिळेल हे पाहणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. नवऱ्याचं करणाऱ्या बायकोची वेगळी तपासणी होते. तिला झोप मिळते का, तिची पाठ धरलीय का, तिला हे पुढे झेपणार आहे का, हे तिला एकटीला बसवून विचारायचं असतं. नवऱ्यासमोर विचारलं की ती "माझं काय, ठीक आहे" म्हणते आणि कागदावर तेच उतरतं.

"तिकडचे लोक आईबापाला आश्रमात टाकतात" हे आत्याचं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर सांगते. माझ्या बहुतेक भेटी लोकांच्या स्वतःच्या घरीच असतात. पडल्यावर किंवा दवाखान्यातून घरी आल्यावर पुन्हा हिंडतं-फिरतं करायला जास्तीत जास्त सहा आठवडे मदत फुकट मिळते. बाथरूममधला दांडा, उंच केलेली कमोडची सीट अशी हजार पौंडांपर्यंतची वस्तू फुकट बसवून देतात. त्यापुढच्या मदतीसाठी पैशांची तपासणी होते. २३,२५० पौंडांच्या वर शिल्लक असेल तर पूर्ण खर्च स्वतःचा. १४,२५० च्या खालची शिल्लक धरत नाहीत. मधल्या रकमेवर दर २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असं समजतात. घरीच मदत घेतली तर राहतं घर हिशेबात येत नाही. कायमचं केअर होममध्ये, म्हणजे आत्या म्हणते त्या आश्रमात, गेलं तर येतं, पण नवरा किंवा बायको त्या घरात राहत असेल तर तेव्हाही नाही. हे आकडे २०१० पासून बदललेले नाहीत आणि मला तो अन्याय वाटतो. महागाई वाढत गेली, मर्यादा तिथेच राहिली, आणि जेमतेम शिल्लक असलेली माणसंही खर्च भरणाऱ्यांत जाऊन पडली. खर्चाची सक्ती मुलांवर मात्र नाही. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने ती मुलांवर टाकली आहे. इथली मुलं येतात, पण दोनशे मैलांवरून येतात. ते मला कळतं.

आता ती गोष्ट, जी व्हिडिओ कॉलवर आईने पाहिली आणि जिच्यावर तिचा विश्वास बसला नाही: म्हाताऱ्या माणसाच्या दाराशी भिंतीवर एक लहान लोखंडी डबी, आणि तिच्यात घराची किल्ली. होय, बाहेरच ठेवतात! तिला की-सेफ म्हणतात. आजी अंथरुणाला खिळलेली असते, उठून दार उघडू शकत नाही, आणि केअरर दिवसातून तीन-चार वेळा येते, बरेचदा वेगवेगळी. प्रत्येकीला किल्ली दिली तर किती किल्ल्या कुणाकडे आहेत याचा पत्ताच लागणार नाही. म्हणून किल्ली एक, ती डबीत, आणि डबीला आकड्यांचं कुलूप.

ती बसवण्यातही शास्त्र आहे. डबी विटेतच बसवायची. दोन विटांमधल्या सिमेंटमध्ये किंवा नुसत्या गिलाव्यावर बसवली तर पहारीने उपटून निघते. पोलिसांच्या 'सिक्युअर्ड बाय डिझाइन' योजनेत पास झालेली घ्यावी, बाजारातल्या स्वस्त डब्या पेचकसाने उघडतात. रस्त्यावरून दिसणार नाही अशी जागा हवी, पण हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो, तेव्हा केअररला आकडे दिसतील इतका उजेड तिथे पडला पाहिजे. जन्मवर्ष, घराचा नंबर, १२३४ हे आकडे चालत नाहीत. किल्लीला पत्त्याची चिठ्ठी बांधायची नाही. केअररच्या यादीत पत्ता आणि आकडा एकाच कागदावर लिहायचा नाही. केअरर पाठवणारी एजन्सी बदलली की त्याच दिवशी आकडा बदलायचा. आणि इथेच सगळ्यात जास्त ढिलाई होते: आकडा बदलणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं, म्हणून काम सोडून गेलेल्या माणसांनाही तो महिनोन् महिने ठाऊक राहतो.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे दुकानातून करून आणलेली नवी किल्ली कुलपात फिरतच नाही, आणि ते अडचणीच्या वेळी कळतं. म्हणून डबीत ठेवण्याआधी त्याच किल्लीने दार बाहेरून उघडून बघायचं. तिसरी अडचण आणखी वाईट. आजी रात्री भीतीने आतून बोल्ट लावते किंवा तिची किल्ली आतून कुलपात तशीच ठेवते. मग बाहेरच्या किल्लीचा उपयोग शून्य. केअरर बेल वाजवते, खिडकीतून हाका मारते, ऑफिसला फोन करते, आणि शेवटी दार फोडावं लागतं. आजीला रागावून फायदा नसतो, तिची भीती खरी असते. तिला बाहेर कोण आलंय ते आत बसून दिसेल अशी सोय करून दिली की बोल्ट आपोआप सुटतो.

एवढं लिहिलं, कारण माझ्या कामाची सगळी ओढाताण त्या डबीत आहे. मदत करणाऱ्याला दार उघडं हवं आणि लुबाडणाऱ्याला बंद. लुबाडणारे असतातच. छप्पर दुरुस्तीच्या नावाखाली हजारो पौंड उकळणारे असतात. एकट्या, मतिमंद किंवा व्यसनी माणसाशी आधी मैत्री करून मग त्याचंच घर अमली पदार्थ विकायला ताब्यात घेणारेही असतात. शेजारी तक्रार करतात ती मोठ्या आवाजातल्या गाण्यांची आणि रात्रीअपरात्री येणाऱ्या-जाणाऱ्यांची. कागदावर तो माणूस उपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात तो स्वतःच्या घरात कैदी असतो.

लेस्टरशायरमधल्या फिओना पिल्किंग्टनचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. तिची मुलगी गतिमंद होती. टवाळ पोरांनी वर्षानुवर्षं त्या घराला छळलं, पोलिसांना ३३ वेळा कळवलं गेलं, आणि दर वेळी ती सुटी किरकोळ तक्रार म्हणून लिहिली गेली. उपद्रवाच्या तक्रारी एका कौन्सिलकडे, सोशल केअर, म्हणजे माझ्यासारखं मदतीचं काम, दुसरीकडे, पोलीस तिसरीकडे. तिन्ही कागद कुणी एकत्र ठेवले नाहीत. २००७ मध्ये तिने मुलीला घेऊन आयुष्य संपवलं. २००९ च्या चौकशीत ज्यूरीने पोलिसांकडे आणि दोन्ही कौन्सिलांकडे बोट दाखवलं. आता उपद्रवाविरुद्धच्या, २०१४ च्याच दुसऱ्या एका कायद्याने पीडित माणूस सगळ्या खात्यांना एकत्र बसवून आपल्या प्रकरणाचा फेरविचार मागू शकतो. साधारणपणे सहा महिन्यांत तीन तक्रारी झालेल्या असल्या की पुरे.

बाबा, इथून पुढचं खास तुमच्यासाठी, कारण जिल्हा परिषदेत तुम्ही आयुष्य काढलंत. इथे कारभार करणारे कौन्सिलर, म्हणजे निवडून आलेले नगरसेवक, वेगळे आणि त्यांना जाब विचारणाऱ्या स्क्रुटिनी कमिटीतले वेगळे. मंत्रिमंडळासारखी कॅबिनेट असते, तिच्यातल्या कुणालाही या कमिटीत बसता येत नाही. सोशल केअरच्या कमिटीपुढे खात्याचे डायरेक्टर येतात. समाजसुरक्षेसाठी पोलीस, कौन्सिल, अग्निशमन दल, आरोग्य खातं आणि प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर बाहेर देखरेख ठेवणारं खातं) यांची १९९८ च्या कायद्याने झालेली भागीदारी आहे, आणि २००६ च्या कायद्याने तिच्या कामाची तपासणीही कौन्सिलरच करतात, वर्षातून निदान एकदा. पोलीस अधिकाऱ्यालाही बोलावलं की यावं लागतं. बैठक खुली असते. कागदपत्रं कामकाजाचे पाच पूर्ण दिवस आधी जाहीर करावी लागतात, कुणीही वाचू शकतं.

कमिटीला हुकूम देता येत नाही, फक्त शिफारस करता येते. पण कॅबिनेटला दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावं लागतं. म्हणून सगळा जोर प्रश्नावर असतो. अहवालात लिहिलेलं असतं की माणसाच्या गरजेच्या तपासणीसाठी सरासरी इतके दिवस लागतात. चांगला कौन्सिलर सरासरी बाजूला ठेवतो आणि विचारतो, सगळ्यात जास्त थांबलेला माणूस किती दिवस थांबलाय, आणि तोवर त्याची खबर कोण घेतंय? छळाच्या किंवा हेळसांडीच्या इतक्या तक्रारी आल्या, त्यांतल्या किती चौकशीपर्यंत गेल्या, आणि बाकीच्या कुणी कशाच्या आधारावर बंद केल्या? माणसाने मदत "नको" म्हटली म्हणून फाइल बंद केली असेल तर तो नको म्हणताना खोलीत आणखी कोण होतं? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शहाण्या माणसाला चुकीचा निर्णय घ्यायचाही हक्क आहे, कायदा तसंच सांगतो, पण दडपणाखाली दिलेला नकार हा त्याचा निर्णय नव्हे.

बिघडतं तेही तुम्ही ओळखाल. शंभर-दीडशे पानांचा गठ्ठा येतो, अर्ध्या लोकांनी तो वाचलेला नसतो, वेळ सादरीकरणातच जातो, आणि इतिवृत्तात "नोंद घेतली" एवढंच उरतं. मागच्या शिफारशींचं काय झालं हे पुढच्या बैठकीत कुणी काढलं नाही तर त्या तिथेच मरतात. जी कमिटी दर बैठकीला जुन्या शिफारशींची यादी आधी घेते, तिच्यापुढे येताना आमचे वरिष्ठही तयारी करून येतात.

आता तुमच्या घराचं. चिडू नका. जिन्याजवळच्या बाथरूमला स्टीलचा दांडा बसवून घ्या, चिकटवायचा नको, भिंतीत भोक पाडून स्क्रूने. आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असं लॅच लावा. घराची दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, आणि ती फिरते का ते आधी बघा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी असं नियमांतच आहे, तिथे नाव द्या. त्यात लाज कसली? ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहा. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यांत थेंब घालायला काकूंची मुलगी रोज येत होती, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. मी कामातच असेन म्हणून आधी सांगितलं नाही म्हणे. यापुढे तसं करू नका. कामात असले तरी फोन उचलेन.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे दोन लाख पाठवतेय. पावसाआधी काम उरकून घ्या आणि कंत्राटदाराला सगळे एकदम देऊ नका, शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर. शिक्षणकर्जाचे हप्ते माझ्या खात्यातून जातात, ती काळजी सोडा. धाकट्याच्या लग्नाची तारीख मार्चमध्ये धरू नका. इथे वर्षअखेरची बंद करायची प्रकरणं तेव्हाच असतात आणि सगळ्यांनाच रजा हवी असते. मेमध्ये धरलीत तर तीन आठवडे येते, हळदीच्या आधी येते. साखरपुड्याला जमणार नाही. त्याला मी स्वतः सांगितलंय, तो काही बोलला नाही, पण त्याला वाईट वाटलंय. आई, तू त्याच्याशी बोल. अंगठीचे पैसे माझ्याकडून.

आणि पुण्याच्या स्थळाचं. बायोडेटा वाचला. मुलाशी फोनवर बोलायला माझी हरकत नाही. पण त्याच्या आईला "दोन वर्षांत परत येणार आहे" असं सांगू नकोस, कारण ते अजून माझं ठरलेलं नाही. ठरलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन. पैसे गुरुवारपर्यंत जमा होतील, बँकेचा मेसेज आला की कळवा.

तुमची,
तायडी