अंगणातली मिरी

नाशिकरोड,
२० जुलै २०२४

प्रिय वैशाली,

परवा तुझा फोन आला तेव्हा मला धड बोलता आलं नाही. "सिस्टरकाकू शेवटी काही बोलल्या का गं?" असं तू विचारलंस आणि मी विषय बदलला. बोलली होती आई. म्हणूनच लिहायला बसले.

आई कोट्टायमहून इथे आली ती १९७८ साली, नर्सिंगचा कोर्स संपवून. वय २१. धाकट्या दोघी बहिणींची लग्नं तिच्या पगारावर व्हायची होती. तिकडच्या गावागावांतून तेव्हा मुली अशाच बाहेर पडायच्या, कुणी मुंबई-दिल्लीला, कुणी आखातात, कुणी थेट जर्मनीला. आईच्या वाट्याला नाशिक आलं. पहिल्याच डिसेंबरात नाइट ड्यूटीला ती साडीवर चादर गुंडाळून गेली, कारण स्वेटर तिने जन्मात कधी घातला नव्हता. वॉर्डातल्या मावशींनी तिला विणायला शिकवलं. तुला-मला दहावीत मिळालेले निळे स्वेटर त्याच शिकवणीतले.

बाबा प्रेसमध्ये, आजी कडक सोवळ्याची; ते लग्न कसं झालं हे तुला तोंडपाठ आहे. पण पुरण तिला आजीनेच शिकवलं, आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मेणबत्त्यांची पिशवी धरून तिच्याबरोबर आजीच जायची.

तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली इन्चार्ज झाल्या, ती मागेच राहिली. सिस्टरना मराठी लिहिता येत नाही, असं कारण दिलं गेलं. याचा मला अजून राग येतो. ती मात्र भांडली नाही, माझं पहिलीचं पुस्तक घेऊन बसायला लागली. ड्यूटीवरून आली की सुजलेले पाय गरम पाण्याच्या घमेल्यात आणि मांडीवर माझी पाटी. 'ळ' तिला पहिल्याच दिवशी जमला. 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळा का, असं विचारायची; मला सांगता यायचं नाही. वर्षभरात ती मराठीत सुवाच्य लिहायला लागली. आणि मी? तिने तिची अक्षरं काढून दाखवली की मी अंगणात पळायचे.

१९९१ च्या पावसाळ्यात तिच्या आईची तार आली. तेव्हा तिकडे जायचं म्हणजे कल्याणला गाडी बदलायची आणि पुणे, सोलापूर, गुंटकल, पालक्काड असा दोन दिवसांचा वळसा. ती पोचली तेव्हा तिच्या आईला माती देऊन झाली होती. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, पुढे मंगला एक्स्प्रेसने नाशिकरोडहून थेट एर्नाकुलमला जाता यायला लागलं. पहिल्या प्रवासात रत्नागिरीजवळचा तो करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपेना. अंधारात ती एवढंच म्हणाली, "हा आधी खणला असता तर."

आता तू विचारलेलं सांगते. झटका आल्यावर तिचं मराठी गेलं. अख्खं गेलं. सेहेचाळीस वर्षं बोललेली भाषा, आणि तीन दिवस ती फक्त मल्याळम बोलत होती. मला त्यातला एकच शब्द कळला असं वाटलं. "मळ, मळ," असं ती परत परत म्हणायची आणि दाराकडे बोट करायची. मला वाटलं, निफाडच्या मळ्याची काळजी लागलीय. मी तिचा हात धरून सांगत राहिले, "मळा चांगला आहे गं आई, द्राक्षं चांगली आहेत." ती आणखीच कासावीस व्हायची.

तिसऱ्या रात्री ड्यूटीवर तिकडचीच एक तरुण सिस्टर आली. सलाइन बदलताना थांबली, ऐकलं, आणि म्हणाली, "ताई, मळा नाही. मऴ म्हणजे पाऊस. अंगणात मिरी वाळत घातलीय, पाऊस येतोय, उचला म्हणतात."

तीन दिवस वैशाली, तीन दिवस ती मिरी भिजत होती.

मी म्हटलं, "उचलली म्हणून सांगा." ती मुलगी आईच्या कानाशी वाकून मल्याळममध्ये बराच वेळ बोलली. आईने हात खाली ठेवला. पहाटे गेली.

चाळिसाव्या दिवशी, ७ ऑगस्टला, प्रार्थना आहे. जमलं तर ये. माझा निळा स्वेटर कॉलेजातच हरवला. तुझा असेल तर घेऊन ये, एकदा हातात घ्यायचाय.

तुझी,
मीना